विषय निवडतो कोण?

धर्माबादहून आगगाडीत बसले, की राज्याची हद्द ओलांडताच बासर लागते. गोदावरीकाठच्या या सरस्वतीच्या देवळात सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे पोरांना अक्षराभ्यासासाठी घेऊन येतात. मूल मांडीवर, पुढ्यात पाटी आणि बापाने हात धरून गिरवून घेतलेले पहिले अक्षर. तीन-चार वर्षांच्या पोराचा हात धरावाच लागतो, त्याबद्दल कुणाचे काही म्हणणे नसावे. पण दहावीचा निकाल लागतो तेव्हा तेच पोर पंधरा-सोळा वर्षांचे झालेले असते आणि हात अजून दुसऱ्याच्याच मुठीत असतो. कधी बापाच्या, कधी नांदेडच्या मामाच्या, शेजारच्या सरांच्या, नाहीतर लातूरहून माहितीपत्रके घेऊन आलेल्या एखाद्या क्लासवाल्याच्या.

निकालाच्या दिवशी मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, हिशेब ठरलेला आहे. पंच्याऐंशीच्या वर टक्के असले तर विज्ञान. सत्तरच्या आसपास असतील आणि घरी दुकान असेल तर वाणिज्य. बाकीच्यांना कला. मुलगी असेल आणि गावात सोय नसेल, तर टक्के कितीही असोत, जे गावात आहे ते. या हिशेबात मुलाला काय वाचायला आवडते, कोणत्या तासाला तो जागा असतो, हाताने काय जमते, याचा रकानाच नाही. गुण हे शाखेचे भाडे समजले जाते. ज्याच्या खिशात जास्त, त्याने वातानुकूलित डब्यातच बसले पाहिजे, मग गाडी कुठेही जाईना!

ही निवड मुलांच्या पदरात इतक्या लवकर पडली त्यालाही आता पन्नास वर्षे झाली. जुन्या अकरावी मॅट्रिकच्या जागी नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि शाळा व महाविद्यालय यांच्या मधोमध कनिष्ठ महाविद्यालय नावाचे दोन वर्षांचे प्रकरण उभे राहिले. कल्पना चांगली होती. या दोन वर्षांत मुलाने चार विषय चाखून पाहावेत आणि मग वाट धरावी, असे कागदावर होते. प्रत्यक्षात ही दोन वर्षे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दारावरची रांग होऊन बसली.

या रांगेत मराठवाड्याला उभे राहता येते, हे लातूरने दाखवून दिले. ते मान्य न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि पाठोपाठ इतरांनी सराव परीक्षा, जादा तास आणि कडक शिस्त यांची जी पद्धत बसवली, तिला पुढे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडले. गुणवत्ता यादी म्हणजे पुण्या-मुंबईची मिरास, हा समज त्या पॅटर्नने मोडला. खेड्यातल्या, पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतली मुले डॉक्टर झाली. आज बिलोली-देगलूरच्या दवाखान्यांत बसलेल्या कित्येकांनी लातूरच्या खोल्यांत भाड्याने राहून बारावी काढली आहे. वैद्यकीय प्रवेशातले ७०:३० हे प्रादेशिक आरक्षण मराठवाड्याला जाचत होते. ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले आणि स्पर्धेचे दार आणखी उघडले.

पण यशाची पद्धत हीच एकमेव वाट ठरते तेव्हा तिचे ओझे होते. २०२५ ची नीट देशभरात सुमारे बावीस लाख मुलांनी दिली. एमबीबीएसच्या साऱ्या जागा, सरकारी आणि खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. ज्यांना सरकारी शुल्क परवडते त्यांच्या उपयोगाच्या जागा त्याच्याही निम्म्याच. उरलेल्या वीस लाखांचे काय होते? काही जण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतात. लातूर-नांदेडच्या भाषेत ‘रिपीटर’ होतात. खोलीभाडे, मेस, क्लासची फी या सगळ्यासाठी एखादे एकर गहाण पडलेले असते. आणि २०२४ मध्ये नीटच्या गैरप्रकारांच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत पोहोचले, तेव्हा ज्यांनी खरोखर रात्री जागवल्या होत्या त्या मुलांनाही मान खाली घालावी लागली.

धर्माबादच्या मिरची बाजारात माल आणणारा शेतकरी पोत्यात हात घालून, मिरची मोडून, रंग आणि तिखटपणा पाहून भाव बोलतो. अडत्या सांगतो म्हणून तो माल देत नाही. हाच माणूस पोराच्या बाबतीत मात्र भिंतीवरच्या फलकावरचे फोटो मोजून लाखाचा सौदा करून मोकळा होतो. फलकावर शंभर फोटो असतात. वर्गात किती मुले होती, ते लिहिलेले नसते.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. शाखा ठरली म्हणजे विषय ठरले असे पुष्कळांना वाटते. अकरावी विज्ञानाच्या अर्जावर गणित आणि जीवशास्त्र हे दोन रकाने असतात आणि पोराच्या पुढच्या आयुष्यातली अर्धी दारे तिथे उघडतात किंवा मिटतात. डॉक्टरच व्हायचे म्हणून गणित टाकले, की अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, एनडीएतून हवाई दल वा नौदल, ही दारे मिटली. जीवशास्त्र टाकले, की नीट तर गेलीच, बी.एस्सी. नर्सिंगही गेले. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवी यांना दोन्हींपैकी काहीही चालते, ही साधी गोष्ट किती घरांत माहीत असते? त्यातच द्विलक्षी विषयांचा मोह. इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्स घेतले, की दोनशे गुणांचा एक विषय येतो आणि त्याच्या बदल्यात दुसरी भाषा व आणखी एक विषय सुटतो. प्रात्यक्षिकाचे गुण हातात पडतात म्हणून मुले आनंदाने घेतात. सुटलेला विषय जीवशास्त्र होता आणि तोच पुढे लागणार होता, हे बारावीच्या निकालानंतर उमगते. बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून देऊन नीटला बसण्याची वाट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये मोकळी केली खरी, पण एक वर्ष गेले ते गेलेच.

दोन्ही विषय ठेवावेत, हा त्यावर सोपा सल्ला. ज्याला झेपते त्याने जरूर ठेवावेत. ज्याला गणिताचा तास म्हणजे शिक्षा वाटते, त्याला मात्र ‘राहू दे, कामाला येईल’ म्हणून दोन वर्षे जुंपू नये. चार विषयांत मध्यम होण्यापेक्षा तीन विषयांत पक्के असणे बरे.

कला शाखेकडे पाहण्याची आपली तऱ्हा तर विलक्षणच आहे. ‘काही नाही तर आर्ट्स’ हे वाक्य आपण मुलांच्या समोर बोलतो. आमच्या ओळखीच्या एका मुलीला अर्थशास्त्राची गोडी होती. कला शाखेत अर्थशास्त्रासोबत गणितही घेता येते, मंडळाचे गणिताचे पुस्तकच ‘कला व विज्ञान’ अशा दोन्ही शाखांसाठी निघते, हे तिने कुठेतरी वाचलेले. प्रवेशाच्या खिडकीवर विचारले तर उत्तर मिळाले, ‘आपल्याकडे तसा ग्रुप नाही.’ ग्रुप म्हणजे काय? इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, क्वचित भूगोल. ज्या विषयाला मंजूर शिक्षक आहे, तो विषय. जूनमध्ये कित्येक ठिकाणचे गुरुजी दारोदार हिंडतात ते पोराच्या भल्यासाठी कमी आणि तुकडी टिकावी, कार्यभार भरावा म्हणून जास्त. त्यांना तरी दोष किती द्यावा? पट घसरला की त्यांचे समायोजन होते. म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी विषय मूल निवडत नाही, बाप निवडत नाही. कुणाची नोकरी वाचायची आहे, यावर तो ठरतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरता येतो, यादी लागते. पण गावातल्या महाविद्यालयात जो विषय शिकवलाच जात नाही, तो पसंतीक्रमात कुठून येणार?

आणि धर्माबादला आणखी एक गुंता आहे. इथल्या कित्येक घरांत बोलणे तेलुगूत, शाळा मराठीत आणि सोयरीक निजामाबादेत. आजोबांच्या पिढीला तर शाळेत उर्दूच होती. पलीकडची भावंडे भेटली, की ‘एमपीसी का बायपीसी?’ असे विचारतात. तिकडे इंटरमीजिएटच्या गटांची नावे मुलांच्या तोंडी असतात. वाणिज्याचा सीईसी आणि मानव्यशास्त्रांचा एचईसी हेही तिथे गटच, उतरंडीतल्या शेवटच्या मडक्याला दिलेली नावे नव्हेत. (उतरंड तिकडेही आहे, हैदराबादची कॉलेजे पाहिली की कळते. पण नाव तरी धड आहे.) बासरलाच २००८ मध्ये दहावीनंतर थेट सहा वर्षांचे तंत्रशिक्षण देणारे विद्यापीठ निघाले, ते मुख्यतः त्या राज्यातल्या मुलांसाठी. आपल्या पोरांनी त्याची इमारत पाहायची. २०१८ मध्ये या तालुक्यातल्या गावांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली, तेव्हा त्यामागे पाणी आणि शेतीच्या सवलती होत्या, हे खरे. पण पलीकडच्या पोरांना काय मिळते हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते, हेही खरे.

धर्माबादची आयटीआय देशभरच्या बातम्यांत आली ती जुलै २०१० मध्ये. बाभळी बंधाऱ्याच्या आंदोलनात चंद्राबाबू नायडू आणि त्यांच्या आमदारांना तिथे स्थानबद्ध ठेवले होते. एरवी तिच्याकडे कोण पाहतो? आयटीआयमधून पदविकेच्या दुसऱ्या वर्षात, पदविकेतून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट जाता येते. हातात पाना धरून ज्याला यंत्र कळते, त्याच्यासाठी बारावीच्या रसायनशास्त्रापेक्षा हा जिना सोपा. पण ‘आयटीआय केली’ हे सांगायला बापाची जीभ अडखळते.

सरकारने काही केले नाही असे नाही. २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. शेती, ललित कला, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांतला मुलाचा कल कागदावर हाती येई. चाचणी परिपूर्ण होती असे कुणी म्हणणार नाही. सगळ्यांची उत्तरे जवळपास सारखी येतात, अशी कुरकूर होती. तरी ‘तुला काय आवडते?’ असे त्या मुलांना बहुधा पहिल्यांदाच कुणी अधिकृतपणे विचारले होते. मग चाचणीही बंद पडली. कागद देणे सोपे असते, त्या कागदावर पोराशी अर्धा तास बोलणारा माणूस देणे अवघड. समुपदेशक हा शब्द परिपत्रकात असतो, शाळेत नसतो.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झालेले नरहर कुरुंदकर स्वतः इंटरच्या परीक्षेत अडखळले होते, तेही एकापेक्षा जास्त वेळा. नापास पोरांच्या बापांना ही गोष्ट सांत्वनासाठी सांगण्याची पद्धत आहे. आम्ही तिचा तसा उपयोग करणार नाही, कारण कुरुंदकर शतकात एखादा. मात्र कोणते पुस्तक हाती घ्यायचे, हे त्या माणसाने परीक्षेला कधी ठरवू दिले नाही.

तोवर शाळांना बिनखर्चाचे एक काम करता येण्याजोगे आहे. दहावीच्या नव्हे, नववीच्याच जानेवारीत एका संध्याकाळी पालकांना आणि मुलांना एकत्र बसवावे. व्यासपीठावर प्रमुख पाहुणा नको, हार-नारळ नको. गावातली परिचारिका, बँकेतला कारकून, कृषी सहायक, वायरमन, वकील, दुसऱ्यांदा नीट देऊन शेवटी बी.एस्सी.ला गेलेला एखादा पोरगा, अशी सात-आठ माणसे बोलवावीत. प्रत्येकाने एवढेच सांगावे: अकरावीला कोणते विषय घेतले, कुणाच्या सांगण्यावरून घेतले आणि पुढे कोणते दार त्यामुळे बंद झाले. नंतर प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे. बापांनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसायचे.