आंबट बिअर आणि उसने नाव

गेल्या दीड-दोन दशकांत पाश्चात्त्य देशांतील बिअरच्या शौकिनांना आंबट बिअरचे वेड लागले आहे. एकेकाळी बिअर आंबली म्हणजे ती नासली, असे समजून मद्यनिर्माता ती मुकाट्याने मोरीत ओतून देई. आज त्याच आंबट चवीसाठी गिऱ्हाईक चार पैसे अधिक मोजते. अमेरिकेत हे लोण पसरले आणि तेथून आपल्याकडेही आले. मुंबई-पुण्यात आता कोकम आणि मीठ घातलेली आंबट बिअर मिळते, आणि आपल्या घरांतील शिकली-सवरली मुले तिच्याविषयी मोठ्या जाणकारीने बोलतात.

या नियतकालिकाच्या पानांवर बिअरची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे. दारूने आपल्या कित्येक घरांचा कसा घात केला आहे ते कोणी कोणाला सांगावयास नको, आणि हा लेख कोणाच्या हाती पेला देण्यासाठी लिहिलेला नाही. परंतु या वेडाच्या मुळाशी एक फसवणूक आहे, आणि त्या फसवणुकीशी आपल्या स्वयंपाकघराचाही संबंध पोहोचतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आंबट बिअरची कीर्ती ज्या पेयामुळे झाली ते म्हणजे बेल्जियमचे लँबिक. ब्रुसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलांड हा शेतीचा मुलूख हे त्याचे माहेर. जवाच्या माल्टबरोबर तीसेक टक्के किंवा त्याहून अधिक कच्चा गहू घेऊन त्याचा गोड काढा करतात. त्यात हॉप्स घालतात ते मुद्दाम जुने ठेवलेले, कडवटपणा उतरलेले. त्यांचे काम चव देण्यापेक्षा काढा राखण्याचे. मग तो कढत काढा माळ्यावरच्या रुंद, उथळ पात्रात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. कोणी त्यात यीस्ट घालीत नाही. रात्रीच्या थंड हवेतून, छपराच्या लाकडांतून, जुन्या पिंपांच्या फटींतून जे सूक्ष्म जीव येतील त्यांच्या हवाली तो काढा केला जातो. हवा उष्ण असेल तर नको ते जंतू शिरजोर होतात, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात चालते. १९०० साली स्थापन झालेल्या आंडरलेख्तच्या कांतियों या कारखान्याला २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री पुरेशा गार होईनात म्हणून काम थांबवावे लागले होते. तेथे कोळ्यांची जाळीसुद्धा झाडीत नाहीत, कारण पिंपांभोवती घोंघावणाऱ्या फळमाश्यांचा बंदोबस्त कोळीच करतात!

यापुढे ओकच्या पिंपात जे घडते ते खरोखर विलक्षण आहे. एका जातीचे जीव येतात, आपले काम उरकतात आणि दुसऱ्यांना जागा करून देतात. साखर खाणारे यीस्ट पहिले काही महिने राज्य करते. मग आम्ल करणारे जिवाणू पुढे सरसावतात. मधल्या काळात काही पिंपांतील बिअर तेलासारखी चिकट, तार सुटणारी होते. बेल्जियमचे लोक तिला 'आजारी' म्हणतात. अननुभवी माणूस अशा वेळी पिंप ओतून देईल. जाणता मात्र थांबतो, कारण ब्रेटानोमायसीस नावाचे संथ यीस्ट सवडीने तो चिकटा खाऊन टाकते आणि बिअर बरी होते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन या संशोधकाने १९०४ च्या सुमारास इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमधून हे यीस्ट ओळखले आणि त्याला ब्रिटिश बुरशी अशा अर्थाचे नाव दिले. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचे मिश्रण बाटलीत भरले आणि तेथे ते पुन्हा आंबले, की त्याची ग्यूझ होते. आंबट चेरी घालून मुरवले की क्रीक. म्हणजे आज पेल्यात येणाऱ्या ग्यूझमधील एक भाग तीन-चार हिवाळ्यांपूर्वीचा असतो, आणि तेवढा काळ निर्मात्याचे भांडवल पिंपात अडकून पडलेले असते.

आता बाजारात 'आंबट' म्हणून जे येते त्यातील बहुतांश कसे होते ते पाहा. गोड काढ्यात दह्याच्या विरजणातील जिवाणूंचे भाऊबंद सोडावयाचे, चाळीस अंशांच्या आसपास एक-दोन दिवस ऊब द्यावयाची, हवा तेवढा आंबटपणा आला की काढा उकळून जिवाणू मारून टाकावयाचे, आणि नेहमीचे यीस्ट घालून दोन-तीन आठवड्यांत माल विक्रीला काढावयाचा. याहून सोपा मार्ग म्हणजे बाटलीतले लॅक्टिक आम्ल मापाने ओतणे. आम्लही स्वतःच करणारे यीस्ट आता विकत मिळते. आंबट लागते, यात वाद नाही. पण त्यात एकच आम्ल आणि एकच सूर असतो. ते एकसुरीपण झाकण्यासाठी आंबा, पॅशनफ्रूट, रासबेरी यांचा गर ओतला जातो. कित्येकदा तो गर इतका आणि न आंबलेला असतो की डबा उन्हात राहिला तर आतल्या आत आंबून फुटतो.

येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. झटपट आंबवणे हे काही पाप नव्हे. जर्मनीत बर्लिनची वाइस बिअर किंवा मीठ आणि धणे घालून केलेली लाइपझिगची गोझे यांना तीन वर्षांच्या पिंपाची गरज कधीच नव्हती. त्या हलक्या, उन्हाळी बिअर. लाइपझिगमध्ये १९६६ साली गोझेचे शेवटचे उत्पादनही बंद पडले होते; १९८० च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली आणि आज जगभर केली जाते. यात वाईट वाटण्यासारखे काहीच नाही. कोकम घातलेल्या आपल्या बिअरचे नातेही तिच्याशीच जुळते. आक्षेप आहे तो तीन आठवड्यांच्या मालाला तीन वर्षांच्या मालाचा रुबाब चढवण्यावर: बाटलीवर ओकच्या पिंपाचे चित्र काढावयाचे, 'रानटी' आणि 'पारंपरिक' हे शब्द पेरावयाचे, आणि किंमत त्या शब्दांची घ्यावयाची.

यावर एक उत्तर ठरलेले असते: चव आवडली ना, मग पद्धतीशी काय कर्तव्य? हे उत्तर वरकरणी व्यवहारी वाटते. पण ते देणाराच जाहिरातीत पद्धतीचा उदोउदो करीत असतो. पद्धतीशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसेल तर पिंपाचे चित्र कशाला?

शिवाय या उत्तरात एका माणसाचा विसर पडतो. बेर्सेलच्या ड्री फॉन्टाइननचे आर्मांड देबेल्डर यांचे उदाहरण घ्या. २००९ च्या मे महिन्यात त्यांच्या कोठारातील तापमानयंत्र बिघडले, उष्णता वाढत गेली आणि ग्यूझच्या हजारो बाटल्या फुटल्या; उरलेल्या हजारो पिण्यालायक राहिल्या नाहीत. लागोपाठ काही वर्षांची मेहनत एका बिघाडात गेली. झटपट बिअर करणाऱ्याचे असे नुकसान झाले असते तर तो महिन्याभरात उभा राहिला असता. देबेल्डर यांनी बिघडलेली ग्यूझ ऊर्ध्वपातन करून तिचा अर्क विकला, मित्रांचे साहाय्य घेतले आणि धंदा पुन्हा मार्गी लावला. २०२२ साली ते वारले. ग्यूझच्या किमतीत हा धोकाही धरलेला असतो. बनावट रुबाबाच्या किमतीत तो नसतो.

याच देबेल्डर यांच्या पुढाकाराने १९९७ साली लँबिककारांची होराल ही संघटना उभी राहिली, आणि त्याच सुमारास युरोपीय संघाने 'जुनी ग्यूझ' व 'जुनी क्रीक' या नावांना संरक्षण दिले. 'जुनी' हा शब्द लावण्याची पाळी आली, कारण साखर घालून गोड केलेली ग्यूझ तोवर मूळ नावावर बाजार बळकावून बसली होती. पुढे २०१६ मध्ये टेक्ससच्या जेस्टर किंग या कारखान्याने खरोखर तीन वर्षे मुरवलेल्या आपल्या बिअरवर 'मेथोड ग्यूझ' असे छापले तेव्हा होरालने हरकत घेतली. अमेरिकनांनी वितंडवाद घातला नाही. दोन्ही पक्ष बोलले आणि 'मेथोड त्रादिसियोनेल' या वेगळ्या नावावर समझोता झाला. ज्यांनी तीन वर्षे कळ सोसली त्यांनीही दुसऱ्याचे नाव सोडून दिले. तीन आठवडेवाल्यांना मात्र असा संकोच नाही.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे येतो. मराठीत आंबवणे आणि आंबट हे शब्द सख्खी भावंडे आहेत, आणि आपल्या लोकांना रानटी यीस्टची ओळख बेल्जियमहून करून घ्यावी लागली नाही. पहाटे उतरवलेली गोड माडी दुपारपर्यंत आपोआप आंबते. तिच्यावर सान्ना फुगतात, आणि मडक्यात मुरू दिली की तिचाच सिरका होऊन विंदालू-सोरपोतेलात उतरतो. गोव्याचा पोदेर पूर्वी सुरेवर पाव फुगवी. पुढे बाजारी यीस्ट आले, काम झपाट्याने होऊ लागले, आणि पावाचे नाव तेच राहिले. रेंदेराला कोणी बंदी केली नाही. त्याने माडावर चढून काढलेल्या सुरेला चार पैसे अधिक का द्यावेत, हे गिऱ्हाइकाला सांगणारा शब्दच उरला नाही. लँबिककाराच्या वाट्याला हेच येऊ घातले आहे.

सिरक्याच्या बाबतीत निदान कायदा तरी जागा आहे. ॲसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या सिरक्याच्या बाटलीवर तो कृत्रिम आहे आणि आम्लापासून केलेला आहे असे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. असा सिरका विकण्यास कोणाची मनाई नाही. फक्त खरे सांगावे लागते. आंबट बिअरलाही हाच नियम का नसावा? आंबटपणा कशाने आणला, जिवाणूंनी की आम्लाने. पिंपात किती काळ ठेवली. फळ घातले की गर की नुसता अर्क. एवढ्या तीन ओळी छापण्यास कोणते मोठे कष्ट पडतात? बेल्जियममध्येच ओर्व्हालचा ट्रॅपिस्ट मठ आहे. मठाच्या पुनर्बांधणीला पैसा हवा म्हणून १९३१ साली तेथे मद्यनिर्मिती सुरू झाली. त्यांच्या बिअरमध्येही बाटली भरताना ब्रेटानोमायसीस घालतात, त्यामुळे चव महिन्यागणिक बदलत जाते. म्हणून ती केव्हा भरली याची तारीख बाटलीवर छापलेली असते. ताजी आवडणारा ताजी घेतो, मुरलेली आवडणारा घरी ठेवून देतो.

आपली मुले अशी बाटली हाती घेतील तेव्हा त्यांनी दुकानदाराला निदान एवढे विचारावे, की ही आंबली किती दिवसांत?