शब्दयादीतील पहिली ओळ

मराठीच्या भवितव्याची चिंता वाहण्यात आपले साहित्यविभाग कधीच कमी पडलेले नाहीत. परंतु विद्यार्थी ज्या साधनांवर रोज मराठी लिहितो, त्या साधनांतील मराठी कोण ठरवते, हा प्रश्न आपण सहसा अभियंत्यांकडे सोपवून मोकळे होतो. मुक्तस्रोत संगणकप्रणालीला पहिला हातभार लावायचा तर आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, हा समज त्यामागे असतो. आमच्या मते तो चुकीचा आहे. मराठीपुरते बोलायचे तर तेथे व्याकरण जाणणाऱ्या वाचकाची गरज प्रोग्रामरइतकीच आहे.

उदाहरणादाखल शुद्धलेखन तपासनीस घेऊ. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स यांमध्ये हे काम हनस्पेल नावाचे मुक्त साधन करते. लास्लो नेमेथ यांनी ते मुळात हंगेरियन भाषेसाठी घडवले. हंगेरियनही मराठीप्रमाणेच शब्दाला प्रत्यय जोडत जाते. त्यामुळे प्रत्येक रूप स्वतंत्रपणे नोंदवण्याऐवजी मूळ शब्द आणि त्याला लागणारे नियम वेगळे ठेवण्याची सोय त्यात केलेली आहे. दोन साध्या फायली असतात : एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शब्दापुढे तिरकी रेघ देऊन नियमाची खूण लिहिली की काम झाले.

आता पुणे-दौंड लोहमार्गावरील खुटबावचा एखादा विद्यार्थी कथा लिहितो आहे, अशी कल्पना करावी. भोवती ऊस असल्याने तिच्यात खोडवा, पाचट, गुऱ्हाळ हे शब्द ओघानेच येणार. यांपैकी जो शब्द यादीत कोणी घातलेला नसेल, त्याच्याखाली तांबडी रेघ उमटेल. यादी अपुरी आहे, असे त्या विद्यार्थ्याच्या मनात येत नाही. आपलेच मराठी अशुद्ध, असे त्याला वाटते. तो ‘खोडवा’ पुसून ‘उसाचे दुसरे पीक’ असे काहीतरी लिहितो. तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला भाषेने दिलेले नेमके नाव अशा रीतीने, कोणी बंदी न घालताही, लेखनातून नाहीसे होऊ शकते.

हा शब्द यादीत घालणे हीच पहिली दुरुस्ती. ती दिसते तितकी यांत्रिक नाही. ‘खोडवा’चे सामान्यरूप ‘खोडव्या-’ होते, तेव्हा नियमाची खूण त्याप्रमाणे द्यावी लागते. ग्रामनामांचे प्रकरण तर याहून मौजेचे. ‘गाव’ला प्रत्यय लावला की ‘गावाला’ होते, पण ‘केडगाव’चे ‘केडगावला’ आणि ‘खुटबाव’चे ‘खुटबावला’. सामान्य नामाचा नियम विशेषनामाला सरसकट लावला, तर यंत्र बरोबर रूपाला चूक ठरवील. हा भेद ओळखणे व्याकरणाच्या अभ्यासकाला सहज जमते.

पुढची रीतही पाठचिकित्सा शिकलेल्याला ओळखीची वाटावी. हाच बदल आधी कोणी सुचवला आहे का, ते पाहायचे. फायलीची प्रत घेऊन एकच ओळ बदलायची. शब्दाचा अर्थ, प्रदेश आणि छापील वापर यांची टीप जोडून ती देखरेख करणाऱ्यांकडे पाठवायची. ते शंका विचारतात, कधी नकार देतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या गिटसारख्या साधनात कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, याची नोंद राहते. नाव मोठे आहे म्हणून मत ग्राह्य, ही आपल्या वाङ्मयीन व्यवहारातील सवय अशा नोंदींपुढे सहसा टिकत नाही.

दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की बोलीतील सगळेच रूप यादीत यावे काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. ‘पानी’ स्वीकारले, तर ‘पाणी’ लिहिताना झालेली चूक यंत्राला कधीच सापडणार नाही. वस्तूंची आणि कामांची नावे मुख्य यादीत असावीत. उच्चारभेदांसाठी वेगळी यादी करता येते. दुसरा आक्षेप फुकट श्रमांचा. तो गैरवाजवी नाही, कारण अशा यादीचा लाभ मोठ्या कंपन्याही घेतात. पण मुक्त परवान्याखाली दिलेली ओळ सर्वांसाठी खुली राहते. ती स्वतःपुरती कुलूपबंद करण्याचा अधिकार त्या कंपन्यांना मिळत नाही. खाजगी साधनात आपण सुचवलेल्या दुरुस्तीला अशी हमी क्वचितच असते.

खुटबावच्या पुढचेच स्थानक केडगाव. तेथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम सदनातील स्त्रियांनी केले. जे हात समाजाने अक्षरांपासून दूर ठेवले होते, त्यांनी छपाईचे यंत्र चालवले. आपल्या विद्यार्थ्यांपुढील यंत्र त्या मानाने फारच सोपे आहे.

म्हणून आमची सूचना एवढीच : पदव्युत्तर वर्गात व्याकरणाच्या स्वाध्यायांपैकी एक असा असावा की, प्रत्येकाने आपल्या गावचे पाच शब्द निवडावेत, त्यांची सामान्यरूपे तपासावीत आणि सप्रमाण टिपणासह ती शब्दयादीकडे धाडावीत. त्यांतील दोन नाकारले गेले, तर ते का नाकारले गेले, यावर वर्गात एक तास अवश्य चर्चा व्हावी.