निळा दात आणि माझे कान

पूर्वी आमच्या घरी टेलिफोन ही सार्वजनिक वस्तू होती. बंगळूरहून चिरंजीव बोलू लागले, की मी मोबाईलचा आवाज मोठा करीत असे. मग त्याचे बोलणे मला, हिला आणि बहुधा शेजाऱ्यांनाही सारखेच ऐकू जाई. गेल्या वर्षी माझ्या कानांत श्रवणयंत्रे आली आणि ही लोकशाही संपली. यंत्रे ब्लूटूथने मोबाईलला जोडलेली. मुलगा बोलतो तो थेट माझ्या कानात. शेजारी बसलेल्या हिला चकार शब्द कळत नाही.

ब्लूटूथ म्हणजे ‘निळा दात’. हे अजब नाव आले कुठून म्हणून शोधू गेलो, तर निघाला एक राजा! दहाव्या शतकात डेन्मार्कात हॅराल्ड राजा होऊन गेला. ‘निळा दात’ हे त्याचे टोपणनाव. विखुरलेल्या डेन लोकांना त्याने एका राज्याखाली आणले, अशी त्याची ख्याती. पुढे १९९४ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हे डच इंजिनियर जवळजवळची यंत्रे बिनतारी जोडण्याच्या खटपटीला लागले. या कामी निरनिराळ्या कंपन्यांची मोट बांधायची ठरली, तेव्हा १९९७ मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी या राजाचे नाव सुचवले. तात्पुरते म्हणून ठेवलेले हे नाव कायमचे चिकटले. मोबाईलवरची ती खूणही राजाच्या आद्याक्षरांची, जुन्या रून लिपीतली.

युक्तीही मोठी मौजेची. हवेतल्या त्या पट्ट्यात वायफायची नि इतर यंत्रांची गर्दी. म्हणून मूळ ब्लूटूथने ७९ वाटा आखल्या आणि सेकंदाला १६०० वेळा वाट बदलायची ठरवली. जोडीतल्या दोघांनाच उड्यांचा क्रम ठाऊक. पल्ला साधारण तीस-पस्तीस फुटांचा. म्हणजे आमचे घर संपेपर्यंत पुरतो.

तर वाचकहो, यंदा दिवाळीच्या तोंडावर मुलाचा फोन आला. “बाबा, रजा मिळत नाही. आईला तुम्हीच सांगा.”

“अहो, काय म्हणाला?” हिने विचारले.

“मजेत आहे म्हणाला.”

त्याच संध्याकाळी हिने अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. अनारसे मुलाच्या आवडीचे. ही रोज पाणी बदलत होती आणि मी रोज उद्यावर ढकलत होतो. तिसऱ्या दिवशी तांदूळ पंचावर पसरलेले पाहिले आणि मला राहवेना. सांगून टाकले.

ही तांदूळ पसरतच राहिली. “ठाऊक होतं मला,” म्हणाली. “यंत्र तुमच्या कानात आहे. चेहरा तर उघडाच आहे ना? अनारसे डब्यात घालून पाठवीन त्याला.”

तेव्हापासून मुलाचा फोन आला, की मी आधी ब्लूटूथ बंद करतो आणि मोबाईल मोठ्या आवाजात मध्ये ठेवतो. मला निम्मेच कळते. मग मीच विचारतो, “अगं, काय म्हणाला?”