टांगा हाकायलाही शिकावे लागते

जळगाव आणि धुळ्यातील आपल्या वस्त्यांमध्ये उंच, चपळ, काटक पोरांना तोटा नाही. तोटा आहे तो त्यांना शिकविणाऱ्यांचा. पोरगा उंच झाला की त्याला शाळेच्या बास्केटबॉल संघात घ्यायचे, स्पर्धेच्या आठ दिवस आधी हातात चेंडू द्यायचा आणि पहिल्याच फेरीत संघ हरला की "या पोरांत दमच नाही" असा निकाल द्यायचा, ही सर्रास रीत आहे. आम्ही वकिलीच्या व्यवसायात आहोत. पुरावा न तपासता दिलेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही. तोच न्याय या पोरांना का नको?

१९२९ साली चाळीसगावला घडलेली घटना आपल्याला ठाऊक आहे. धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. अखेर महारवाड्यातील एका माणसाने लगाम हाती घेतला. त्याने तो कधी हाकलेला नव्हता. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

टांगेवाल्यांचा जातीय माज हा या घटनेतील गुन्हा, याबद्दल वाद नाही. परंतु तिची दुसरी बाजू आपण फारशी बोलत नाही. लगाम धरणाऱ्याच्या मनात निष्ठा होती, स्वाभिमान होता. सराव तेवढा नव्हता. निष्ठेने टांगा चालत नाही, आणि नुसत्या जोशाने चेंडू रिंगमध्ये पडत नाही.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे तयार केला. त्यांनी पीचच्या टोपल्या १० फुटांवर टांगल्या. रिंगची उंची आजही तेवढीच आहे. १० वर्षांचे लेकरू मोठ्यांचा जड चेंडू तिथवर पोहोचावा म्हणून दोन्ही हातांनी कमरेपासून भिरकावते. ती खोड पुढे मोडता मोडत नाही. म्हणूनच लहान मुलांसाठी ५ नंबरचा चेंडू आणि साडेआठ फुटांवरची रिंग वापरतात. रिंग खाली करता येत नसेल, तर मुलाला रिंगजवळ उभे करून एका हाताने, गुडघे वाकवून चेंडू सोडायला शिकवावे. अंतर हळूहळू वाढवावे.

वस्तीतील मुलांना शिकविताना आम्ही काही नियम पाळतो. डाव्या हाताने ड्रिबल रोज व्हायलाच हवे, आणि नजर चेंडूवर नव्हे, समोर. २० पैकी किती चेंडू रिंगमध्ये गेले ते दर आठवड्याला वहीत लिहायचे. मुलाची स्पर्धा त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी. सरावात बाराही जण सारखे खेळतील, कोणी नुसता पाणी भरणारा राहणार नाही. आणि शिवी नाही. आपल्या पोरांनी अपमान जन्मापासून ऐकलेला असतो. "गाढवा, चुकलास" हे प्रशिक्षण नव्हे. "कोपर चेंडूखाली आण" हे प्रशिक्षण.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. तेरा-चौदा वर्षांची झाली की पोरगी मैदानावरून गायब होते. तिच्या आईशी बोला, सरावाची वेळ उजेडाची ठेवा, मैदानावर एक बाई हजर असू द्या. मुली येतात, हा आमचा अनुभव आहे.

पळवणकर बाळू यांना क्रिकेट कोणी वारशात दिले नव्हते. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबवर नोकरी करताना साहेबांना तासन् तास चेंडू टाकून त्यांचा हात तयार झाला. संघात घेतल्यावरही चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. सरावाने कौशल्य आले. हक्कासाठी मात्र भांडावे लागले. आपल्याला दोन्ही करायचे आहे.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घ्यायचा तर स्पर्धेत उतरावे लागते आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून, पडताळून ठेवावे लागते. क्रीडा संकुले जनतेच्या पैशाने उभी राहतात. तिथे आपल्या पोरांना वेळ मिळावी म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

जयंती मंडळांना आमची एकच विनंती आहे. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती चेंडू येतात, याचा हिशेब येत्या १४ एप्रिलपूर्वी करा. वस्तीतील दोन शिकलेल्या तरुणांना प्रशिक्षकाचे रीतसर शिक्षण घ्यायला पाठवा आणि त्यांचा खर्च मंडळाने उचला. लगाम आता आपल्याच हाती आहे. तो धरणारा शिकलेला असावा, ही जबाबदारीही आपलीच. जयभीम!