आवाजाची पोहोच

पूर्वी मनीऑर्डर धाडली, की पोहोच येईपर्यंत घरातल्या कर्त्या माणसाला चैन पडत नसे. पोस्टात पैसे भरले म्हणजे ते पोहोचले, असे कोणी मानीत नसे. आज मात्र आपण आजीचा आवाज एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात धाडतो आणि पडद्यावर ‘झाले’ एवढी अक्षरे उमटली, की निश्चिंत होतो.

आमच्या महाविद्यालयात अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशी गावची काही मुले आहेत. जाती केव्हाच कोपऱ्यात गेली. पण जात्यावरच्या ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या ओठी अजून आहेत. त्या मुद्रित करून आणा, असे मी मुलांना सांगतो. कोणी एम४ए आणतो, कोणी जुन्या फोनवरची एएमआर, आणि एखादी फाइल संगणकावर उघडतच नाही. ‘सर, फाइल खराब झाली!’ हे ठरलेले वाक्य. मोडी न येणाऱ्याने आजोबांचे खत खराब ठरवावे, त्यातलाच हा प्रकार. पुष्कळदा फाइल धड असते. ती वाचणारा तेवढा भेटलेला नसतो.

संगणकाला आवाज म्हणजे नुसते आकडे. सीडीसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजतात, तर डॅट फितीवर बहुधा ४८,००० वेळा. अ‍ॅपलने १९८८ साली एआयएफएफ ही पद्धत काढली. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ साली वेव्ह. आकडे तेच, पण मांडणी उलटी. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, इंग्रजीत वीस आधी, तसेच हे. एकाचे लिहिलेले दुसऱ्याच्या रीतीने वाचले, तर ओवीऐवजी खरखर ऐकू येते. वेगाचा घोळ झाला, तर गंमत निराळीच. ४४,१०० चे मुद्रण ४८,००० च्या गतीने वाजवले, की दहा मिनिटांचे गाणे नऊ मिनिटे अकरा सेकंदांत उरकते, आणि पांढरी एकमध्ये गाणारी आजी काळी एक ओलांडून पांढरी दोनकडे निघते!

पण हे दोष सुधारता येतात. न सुधारणारा दोष वेगळा. मेडशीच्याच एका घरी नातवाने आजीच्या ओव्या पुण्याच्या भावाला पाठवल्या आणि जागा हवी म्हणून मोबाइलमधून पुसून टाकल्या. आजी गेल्यावर भावाने फाइल उघडली, तेव्हा ती अर्धीच पोहोचलेली निघाली.

याउलट एक उदाहरण पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले आणि ओव्यांची संगणकीय सूची उभारली. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. तरीही २०१७ पासून ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ओव्या लोकांना वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. आवाजाबरोबर गाव आणि गाणारीचे नाव जपले होते, म्हणूनच नव्या हातांना ते धन उलगडले.

आपल्या घरापुरते एवढे करावे. मूळ मुद्रण आहे त्याच रूपात ठेवावे. वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा खाते, एमपी३ साधारण एक. म्हणून धाडायला एमपी३ बरी. पण तिची पुन्हा वेव्ह केल्याने गेलेले परत येत नाही. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचीच, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. ती जशीच्या तशी जाते. ‘रेकॉर्डिंग ००७’ हे नाव बदलून गाणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. आणि समोरच्याने आरंभ, मध्य व शेवट ऐकून ‘पोहोचले’ असे कळवीपर्यंत मूळ पुसू नये. त्यानंतरही दोन ठिकाणी प्रती असाव्यात.

दिवाळीला मुले-नातवंडे घरी येतील. फराळाचे डबे भरून देताना आजीला चार ओव्या म्हणायला सांगा. डबा रिकामा झाला तर पुन्हा भरता येईल. तिच्या आवाजाचे तसे नाही.