नियम दोन पानं, पकडलेलं पॅकेट शून्य!

मागच्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाचं नेटवर्क बघायला गेलो होतो. नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही. साहेब कौतुकाने म्हणाले, "फायरवॉल आहे आपल्याकडे. ऑडिट पण झालंय."

बघितलं. दोन केबलींच्या मधे एक लिनक्सची पेटी, आत ब्रिज. आयपीटेबल्सचे नियम दोन पानं भरून. फॉरवर्डच्या प्रत्येक नियमासमोरचा काउंटर मात्र शून्य! वाहतूक शेजारून खुशाल चालू.

कारण साधं आहे. ब्रिज मॅक पत्ता बघून पॅकेट पुढे ढकलतो, आयपीटेबल्सचं नाकं त्याच्या वाटेत येतच नाही. ते यावं म्हणून बीआर-नेटफिल्टर हे मॉड्यूल लोड करावं लागतं आणि त्याची सेटिंग १ असावी लागते. आयपीव्ही६ साठी वेगळी. २०१४ च्या ३.१८ कर्नलपासून हे मॉड्यूल वेगळं झालं. जुनी फाइल नव्या पेटीवर चिकटवली की नियम लोड होतात, एररही येत नाही आणि अडत काहीच नाही. खरं तर आता एनएफटेबल्समध्ये थेट ब्रिजसाठीच नियम लिहिता येतात. पण तेवढं वाचायला वेळ कुणाला?

"ऑडिट झालंय ना?" झालं की! कागदावरची यादी तपासली. पॅकेट पाठवून कुणी बघितलं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीचं एम्स ठप्प झालं. नेटवर्कचे नीट विभाग पाडले नव्हते, हे सरकारनेच संसदेत सांगितलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्ट-इनने आदेश काढला होता: घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. अहो, नियमापर्यंत पॅकेट पोचतच नसेल तर लॉग कसला ठेवणार? शून्याचा?

माझी मागणी एवढीच. टेंडरमध्ये एक अट घाला. शेवटचं बिल निघण्याआधी कंत्राटदाराने बंद पोर्टवर पॅकेट पाठवून ते अडलेलं आणि काउंटर वाढलेला दाखवावा. मग पेटी रीबूट करून पुन्हा तेच. दहा मिनिटांचं काम आहे.

तुमच्या आमच्या आधारच्या झेरॉक्स, सातबारा, दवाखान्याचे रिपोर्ट याच पेट्यांच्या मागे आहेत. तुमच्या ओळखीत कुणी सरकारी आयटीत असेल तर त्याला एवढंच विचारा: काउंटर किती?