परवाना हाती, काडतुसाचे काय?

गोंदिया - धान निसवू लागले, की जंगलालगतच्या गावांत जागल सुरू होते. हलके धान आधी हाती येते, भारी धान नंतर. त्यामुळे ही जागल दीड-दोन महिने तरी चालते. रानडुकरांचा कळप बांधीत उतरला, की खातो त्याहून अधिक तुडवतो आणि उरलेले लोळून आडवे करतो. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, गोरेगाव, देवरी या तालुक्यांना हे नवे नाही. पीक नासवणारे रानडुक्कर वा रोही मारण्याची परवानगी मिळू शकते, हेही शेतकऱ्यांना आता माहीत आहे. मात्र ते कोणत्या बंदुकीने आणि कोणत्या काडतुसाने मारायचे, या प्रश्नाला सरकारी कागदांत समाधानकारक उत्तर नाही. वरवर शिकाऱ्यांच्या हौसेचा वाटणारा हा प्रश्न प्रत्यक्षात शेजारच्या बांधीत झोपलेल्या माणसाच्या जिवाचा आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ नुसार, उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक ठरलेला ठराविक अनुसूचीतील प्राणी मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये शासन निर्णय काढून रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबतचा हा अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणला. बिहारने वेगळी वाट धरली. तेथे नीलगायीला केंद्राकडून उपद्रवी प्राणी घोषित करून घेण्यात आले आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. महाराष्ट्रात घोषणा नाही, परवाना आहे. मारलेला प्राणीही सरकारजमा होतो. त्याचे मांस शेतकऱ्याचे नाही.

आता बंदुकीकडे वळू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बाराबोअर, मंजूर करता येते. रायफल या तरतुदीत येत नाही. तिच्यासाठी वेगळे कारण दाखवावे लागते आणि नक्षलग्रस्त म्हणून नोंद झालेल्या तालुक्यांत असे कारण पोलिसांना पटवणे सोपे नसते. काडतुसाची निवड, अशा रीतीने, शेतकऱ्याने विचार करण्याआधीच कायद्याने बरीचशी उरकून टाकलेली आहे.

अमेरिकेत शेतीला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांसाठी रायफलीच्या काडतुसांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. गोळी हलकी, तीन-साडेतीन ग्रॅमची. वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास. तिचा खरा गुण वेगात नसून फुटण्यात आहे. लक्ष्याला वा जमिनीला लागताच तिचे तुकडे होतात, त्यामुळे ती उसळून पुढच्या शेतात जाण्याचा धोका बराच घटतो. या वर्गातले सर्वपरिचित .२२३ काडतूस हे लष्करी ५.५६ मि.मी.चे नागरी भावंड. लष्कराच्या जातीची काडतुसे भारतात सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. आणि समजा मिळाली, तरी ती बनली आहेत बिळात राहणाऱ्या लहान प्राण्यांसाठी. पूर्ण वाढलेला रानडुकराचा नर शंभर किलोच्या घरात जातो, त्याच्या खांद्यावर जाड कातडीचे कवच असते. रोह्याचा नर त्याच्या दुप्पट. अशा प्राण्यावर फुटणारी हलकी गोळी म्हणजे जखमी जनावर जंगलात पळवून लावण्याचा खात्रीचा उपाय. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी सरपणाला गेलेल्या बाईच्या अंगावर येते.

देशात नागरिकांना मिळणारी नेहमीची रायफल .३१५ बोअरची. मूळ काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ मि.मी. मॅनलिखर घराण्यातले. लष्करी .३०३ नागरिकांना वर्ज्य ठेवायचे म्हणून ब्रिटिश राजवटीत हे प्रचारात आले आणि स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांनी तेच पुढे चालवले. सुमारे १६ ग्रॅमची जड गोळी, वेग सेकंदाला ६०० मीटरहून थोडा अधिक, ऊर्जा ३००० ज्यूलच्या आसपास. डुक्कर आणि रोही, दोघांनाही ती पुरून उरते. .२२ रिमफायर याच्या दुसऱ्या टोकाला. तिची ऊर्जा साधारण दीडशे ज्यूलच्या आसपास. डुकरावर ती चालवणे हा निव्वळ क्रूरपणा होय.

.३१५ मध्ये खोट आहे ती नेम चुकल्यानंतरची. तिची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. गोंदिया हा सपाट बांध्यांचा आणि मामा तलावांचा जिल्हा. गोळी अडवायला टेकाड क्वचितच असते. पाणी भरलेल्या बांधीवर तिरकी आदळलेली जड गोळी तलावावर फेकलेल्या चपट्या दगडासारखी उसळते. पलीकडे दुसऱ्याची जागल असते, गोठा असतो, पाड्यावरची वस्ती असते. राज्यातील सारस पक्ष्यांचे मुख्य आश्रयस्थानही याच जिल्ह्यात आहे आणि तो घरटे धानातच करतो.

म्हणून अखेर बाराबोअरच बरी ठरते. कायद्याने ती दिली म्हणून नव्हे, तर तिचा आवाका तोकडा आहे म्हणून. एलजीचे मोजके मोठे छर्रे ३० मीटरपर्यंत भरवशाचे. त्यापलीकडे ते पसरतात आणि जनावर फक्त जखमी होते. एकसंध शिशाच्या गोळीचे काडतूस मिळाले तर अंतर पन्नास मीटरवर जाते, अर्थात नेम पक्का असेल तर. बीबी वा त्याहून बारीक छर्रे पाखरांसाठी असतात, हे मात्र अनेकांना सांगावे लागते. मचाणावरून, खाली जमिनीकडे, ओळखलेल्या जनावरावर झाडलेला बार ही यातली सर्वांत सुरक्षित रीत. ठासणीच्या बंदुकीत पहिला बार फसला तर दुसरा भरेपर्यंत कळप तरी गेलेला असतो किंवा जखमी नर मचाणाखाली उभा असतो. १९५९ च्या कायद्याने तिला पहिली पसंती द्यावी, हे त्या काळी ठीक होते.

अडचण अशी, की बाराबोअरचा परवाना असलेला आणि रात्री नेम धरू शकणारा माणूस गावोगाव सापडत नाही. मग कुंपणाच्या तारेत वीज सोडली जाते. तिला परवाना लागत नाही, काडतूस लागत नाही आणि ती डुक्कर, गाय, माणूस यांत भेद करीत नाही. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेल्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा 'श्रीनिवास' एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात अशाच तारेने मेला. सौरकुंपणातला झटक्याचा प्रवाह जीव घेत नाही आणि त्यासाठी राज्याची अनुदान योजनाही आहे; पण वेलींनी वेढलेले, बॅटरी बसलेले कुंपण डुकराला थांबवत नाही.

केरळने मे २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले आणि विष, स्फोटके व विजेचा वापर वर्ज्य ठेवला. बंदूक परवानाधारकांची टंचाई तेथेही जाणवली. तरीही बार कोणी उडवायचा, हे पीक गेलेल्या शेतकऱ्यावर न सोडता पंचायतीने ठरवायचे, ही त्यातली घेण्यासारखी बाब. गोंदियात वनपरिक्षेत्रनिहाय तपासलेल्या नेमबाजांची यादी करून शस्त्र, काडतूस, अंतर आणि मचाण यांच्या अटी परवान्यातच घालणे अवघड नाही.

त्यात एक गोष्ट निवडणूक यंत्रणेशी बोलून सोडवावी लागेल. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात. २०१९ च्या विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले, २०२४ चे २० नोव्हेंबरला. दोन्ही वेळी धान कापणीला आले होते.